समुद्रकाठचं जुनं घर दुरुस्त करताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं बंद असलेलं, समुद्रासमोरचं सुट्टीचं घर ताब्यात येतं आणि पहिला आठवडा रंगाच्या छटा निवडण्यात जातो. चूक तिथूनच सुरू होते. आधी निदान एक पावसाळा घर नुसतं बघा. पाणी कुठून शिरतं, कुठे मुरतं, कडक ऊन पडूनही कुठली भिंत ओली राहते, ते वहीत टिपून ठेवा. ही जुनी घरं भिजणारच, हे धरून बांधलेली असतात. ती वाळू शकतात, म्हणून टिकतात. आपण मात्र दुरुस्तीच्या नावाखाली त्यांचं वाळणंच बंद करून टाकतो.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंट

पोपडे सुटले की मिस्त्री म्हणतो, "सगळं काढून सिमेंटचा गिलावा मारू, कायमचं काम होईल." होत नाही. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो, दाट सिमेंट ती आत कोंडतं. ओलीबरोबर मीठही आत अडकतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि आर्द्रता उतरली की पुन्हा त्याचे खडे होतात. समुद्रकाठी हे चक्र कधी कधी रोजच फिरतं. दर फेरीला खडे गिलाव्याला मागून ढकलतात आणि दोन-तीन वर्षांत तो पापुद्र्यासारखा सुटतो. वर प्लॅस्टिकसारखा वॉटरप्रूफ रंग दिला असेल तर आणखी लवकर.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं असलं तरी चुन्यातली बांधकामं त्यानंतरही अनेक दशकं होत राहिली. म्हणून घराचं वय विचारून मसाला कळत नाही, कोपऱ्यात थोडं खरवडूनच पाहावं लागतं. चुना निघाला तर दुरुस्ती चुन्यातच करा आणि वर चुन्याचीच सफेदी द्या. भिंतीवर लोणा, म्हणजे मिठाची पांढरी पूड, दिसला तर ओल्या फडक्याने पुसू नका, मीठ परत आत जिरतं. कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली पडलेली पूड उचलून बाहेर टाका.

स्लॅबला ठिगळ

सिमेंट काँक्रीटच्या घरात खरा धोका इथे आहे. सळईचं जेवढं लोखंड गंजतं, त्याचा गंज त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. लोक तेवढाच तुकडा फोडतात, सळईला गंजरोधक फासतात, मसाला भरतात आणि मोकळे होतात. वर्षा-दोन वर्षांत ठिगळाच्या कडेला गोल भेग दिसते. कारण नव्या मसाल्यातली सळई आता सुरक्षित असते, पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ तसंच असतं. इतके दिवस गंजणारी जागा नकळत शेजारच्या सळईला वाचवत होती. ती दुरुस्त झाली की गंज शेजारी सरकतो.

म्हणून हातोडीने सगळा स्लॅब ठोकून बघा. चांगल्या जागी आवाज टणटणीत येतो, सुटलेल्या जागी भदभद. त्या जागांना खडूने वर्तुळं करा. मग टेकू लावून, सळईच्या मागेही २०-२५ मिलिमीटर मोकळं होईल इतकं खोल आणि स्वच्छ सळई लागेपर्यंत बाजूला फोडा. काँक्रीटमधल्या क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या गंजवणाऱ्या घटकाची, चाचणी करून घ्या. प्रमाण जास्त असेल तर ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे अॅनोड बांधतात. सळईऐवजी ते झिजतात. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखालीच व्हावं.

आणि एवढं सगळं करून मसाला कालवताना बोअरचं खारट पाणी वापरलं, तर मीठ आपणच आत घातलं. शहर वाढलं की जो तो बोअर मारतो. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली की कालांतराने खालची खारी सीमा सुमारे ४० मीटर वर येऊ शकते. काल गोड लागलेलं पाणी आजही तसंच असेल, असं धरू नका. तपासून घ्या. हीच गोष्ट न धुतलेल्या समुद्री वाळूची.

बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी

बिजागऱ्या, स्क्रू, कठडे 'स्टेनलेस' आहेत एवढ्यावर भागत नाही. ३०४ प्रतीवर तपकिरी डाग पडतात, ३१६ घ्या. तीसुद्धा गोड्या पाण्याने अधूनमधून धुवावी लागते. गंमत म्हणजे पावसात उघडं असलेलं लोखंड कधी कधी बरं राहतं आणि छपराखालचं आधी गंजतं, कारण तिथलं मीठ पाऊस धुऊन नेत नाही.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे नाहीत याची खात्री होईपर्यंत कापू नका, भोकंही पाडू नका.

व्हरांडा काचेने बंद करून आत एसी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही तो कळतो, समोर समुद्र आहे! पण झडपांच्या खिडक्या, उंच छत आणि समोरासमोरची दारं ही त्या घराची वाळण्याची सोय आहे. एसी हवाच असेल तर एकाच खोलीत लावा, बाकी घर वाहतं ठेवा.

कुंपणाबाहेरचं

डांबराचे थर चढून रस्ता उंच होतो आणि जोतं खाली जातं. रस्त्याचं पाणी आत येत असेल तर भिंतीला लागून मातीचा भराव टाकू नका, भिंत कायम ओली राहील. भिंतीपासून दूर उतार देऊन चर काढा.

शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहणार असेल तर खोदाई सुरू होण्याआधी प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो घ्या. मोठ्या भेगांवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना मसाल्याने पक्की बसवा. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे. अशा वेळी भेग बुजवणारा रंगारी नको, आधी इंजिनिअरला बोलवा.