टाचांच्या भेगांना क्रीमऐवजी कोकमतेल

पेट्रोलियम जेलीऐवजी कोकमतेल वापरून बघा. कोकमाच्या बियांचं हे तेल गोळ्याच्या रूपात मिळतं. घट्ट गोळा तसाच घासला तर तेल वरवर राहतं, भेगेत उतरत नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं.

१. रात्री पाय १० मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, वजरीने हलकेच घासा, टिपून घ्या.
२. सुपारीएवढा तुकडा पळीत मंद आचेवर वितळवा.
३. कोमट झाला की, गोठायच्या आत, बोटाने भेगांत भरा. वर सुती मोजे घालाच, नाहीतर फरशीवर पाय सरकतो.

रोज वितळवायचा कंटाळा येत असेल तर तेवढंच खोबरेल मिसळून डबीत ठेवा, मऊ राहतं.

भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.