टर्नआउट पावलातून नाही, खुब्यातून

मी कोथरूडची, वय ४१, लहानपणी भरतनाट्यम केलेली, आता बॅले शिकतेय. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहतात, तेच टर्नआउट. अरमंडी (भरतनाट्यमची गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची स्थिती) येते म्हणजे प्लिए (बॅलेतलं गुडघे वाकवणं) आलंच, असं वाटलं होतं. कसलं काय! पावलं जोर लावून बाहेर वळवत राहिले आणि महिन्याभरात उजवा गुडघा कुरकुरायला लागला.

वळण खुब्यातून यायला हवं. त्यासाठी कुशीवर झोपा, गुडघे वाकवा, टाचा जुळलेल्या ठेवा आणि वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडा. कंबर मागे कलंडली की लबाडी सुरू झाली समजा. दोन्ही बाजूंनी १५-१५ वेळा. नितंबात खोलवर ताण जाणवला तर बरोबर. गुडघ्यात दुखलं तर थांबा.

रलव्हेसाठी, म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायला, पोटऱ्या मजबूत हव्यात. आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या कडेवर मी चवड्यांवर उभी राहते, कठड्याला बोटं टेकवून. टाच सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. वजन अंगठा आणि शेजारच्या बोटावर. घोटा करंगळीकडे झुकला तर मुरगळणारच. दोन्ही पायांवर २० नीट जमले की मगच एका पायावर. (रविवारी पर्वती चढते, पण त्याने दम वाढतो, तोल नाही.)

तळपायासाठी जुना पंचा जमिनीवर पसरून बोटांनी ओढायचा. तोल पोळ्या लाटताना, एका पायावर.

स्नायूंना ताण देणं नेहमी शेवटी, अंग तापल्यावर. डिसेंबरातल्या पुणेरी पहाटे गार अंगाने स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसणं) करायला जाऊ नका. मांडीचा मागचा स्नायू दुखावला की आठवडेच्या आठवडे जातात.