शाब्दिक उदाहरणे: गोष्ट एक, आकडे वेगळे

चौथीच्या वर्गात एकाच बाकावर हातचा विसरणारा मुलगा असतो आणि तोंडी भागाकार करणारी मुलगीही. दोघांना वेगवेगळी उदाहरणे देऊ नका, नाहीतर फळ्यावर चर्चा कशाची करणार? गोष्ट एकच ठेवा आणि आकडे बदला. एका गटाला ९ आणि ४, दुसऱ्याला २३ आणि ८. गणितात पुढे असलेल्या मुलांना मोठे आकडे देऊन काही साधत नाही, नुसते लिखाण वाढते. त्यांच्या गोष्टीत एखादी नको असलेली माहिती घाला, किंवा प्रश्न पुसून टाका आणि तो त्यांनाच तयार करू द्या.

पहिले वाचन आकडे झाकून. गोष्टीत काय घडले ते मुलाने घरच्या बोलीत सांगावे. प्रमाण भाषेचा आग्रह इथे धरू नका.

भिंतीवर ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ असा तक्ता असेल तर तो आजच काढा. ‘बसमधून १२ प्रवासी उतरले, २६ उरले. आधी किती होते?’ यात ‘उरले’ आहे, तरी बेरीजच करायची आहे. तक्ता पाठ असलेले मूल १४ लिहून मोकळे होते.

खरी गाठ ‘पेक्षा’मध्ये आहे. ‘सलमाकडे २३ चिंचोके आहेत. ते गणूच्या चिंचोक्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत. गणूकडे किती?’ अर्धा वर्ग ३१ म्हणेल. तोंडी हिशेबात पटाईत मुलेही इथे फसतात, कारण ‘जास्त’ दिसताच त्यांचा हात बेरजेकडे जातो. म्हणून गट चाचणीच्या गुणांवरून पाडू नका, या एका उदाहरणावरून पाडा.

३१ म्हणणाऱ्यांना लगेच वजाबाकी सांगू नका. आधी एकच प्रश्न: जास्त कोणाकडे? उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल खाली. मग खरे चिंचोके घ्या, लहान आकड्यांचे: सलमाचे ९, ४ ने जास्त. वरच्या ओळीत ९ मांडा, त्यातले ४ बाजूला सरकवा आणि उरलेल्या प्रत्येकाखाली गणूचा एक ठेवा. बिनजोडीचे ४ म्हणजेच ‘जास्तीचे’. हे दोन-तीनदा हाताने झाल्यावरच चौकटीच्या वहीत पट्ट्या काढायला लावा. आधी लांब पट्टी, तिच्याखाली आखूड, नावे डावीकडे, आकडे सर्वांत शेवटी. काही मुले ८ ची तिसरी पट्टी काढतात; ‘हे ८ कोणाचे?’ एवढेच विचारा. ते सलमाच्याच पट्टीतले आहेत हे मुलाच्या तोंडून यायला हवे. घाई करू नका. दिवसाला अशी दोनच उदाहरणे पुरेत.

मांडणी आणि क्रिया मुले स्वतः करतील. मग उत्तर गोष्टीत परत घालून वाचायला लावा. ‘सलमाकडे २३, गणूकडे ३१, म्हणजे सलमाकडे जास्त?’ चूक मूल स्वतःच पकडते.

भागाकारात उरणाऱ्या बाकीचे काय करायचे तेही गोष्टच ठरवते. १४ मुले, एका रिक्षात ३: रिक्षा ५ लागतील. १४ हात दोरी, एका तोरणाला ३ हात: तोरणे ४ होतील. भागाकार तोच, उत्तरे दोन. दोन्ही उदाहरणे शेजारी-शेजारी लिहून द्या, आणि आकड्यापुढे ‘रिक्षा’ किंवा ‘तोरणे’ लिहिलेले नसेल तर वही तपासू नका.