डोमेन वॉलच्या प्रकल्पाला बसण्याआधी

नाशिकमधल्या ज्या एम.एस्सी.च्या मुलांनी यंदा नॅनोवायरमधली (अतिबारीक चुंबकीय तारेतली) डोमेन वॉल, म्हणजे उलट दिशेने चुंबकित झालेल्या दोन भागांमधली (डोमेनमधली) सीमा, करंटने हलवण्याचा विषय घेतलाय, त्यांनी कॉम्प्युटर उघडण्याआधी वही उघडावी. आपल्या हाताशी क्लीनरूम, म्हणजे अशा तारा बनवण्याची धूळमुक्त प्रयोगशाळा, नाही, सगळं काम सिम्युलेशनवर. म्हणून उत्तर साधारण किती यायला हवं, हे आधी हाताने काढता आलंच पाहिजे.

पर्मलॉयची (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची) वायर घ्या: 100 नॅनोमीटर रुंद, 5 नॅनोमीटर जाड, लांबी निदान 2 मायक्रोमीटर. इतक्या बारीक वायरमध्ये वॉल साधी, आडवी राहते. रुंदी-जाडी वाढवली की तिचा भोवरा होतो, तो सुरुवातीला नको. सिम्युलेशनच्या जाळीचं एक घर 5 नॅनोमीटरहून मोठं ठेवू नका. करंटची घनता दर चौरस मीटरला 10¹² अँपिअर धरा. आकडा अवाढव्य वाटतो, पण या वायरमधून प्रत्यक्षात वाहतो फक्त अर्धा मिलिअँपिअर. करंटमधल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं ध्रुवीकरण 0.5 आणि संपृक्त चुंबकन मीटरला 8×10⁵ अँपिअर धरलं की वेग येतो सेकंदाला सुमारे 36 मीटर, म्हणजे 10 नॅनोसेकंदात 360 नॅनोमीटर. अल्फा (चुंबकनाची हालचाल किती लवकर शमते तो गुणांक) आणि झाय (करंटच्या रेट्यातला नॉन-अ‍ॅडियाबॅटिक भाग) समान ठेवून पहिला रन याच आकड्याशी ताडून बघा. मग झाय शून्य करा: वॉल थोडी सरकते आणि थांबते. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

करंट सोडण्याआधी वॉल पूर्ण स्थिरावू द्या, आणि वायरच्या टोकांवरचे चुंबकीय प्रभार काढून टाका. नाहीतर टोकच वॉलला ओढतं आणि श्रेय करंटला जातं.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी दोन वॉलची. बाहेरून वायरच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र लावलं तर शेजारच्या दोन वॉल उलट दिशांना जातात. एकमेकींवर आल्या तर मधला डोमेन, म्हणजे मधला बिट, पुसला जातो. करंट मात्र दोघींना एकाच दिशेने नेतो, इलेक्ट्रॉन जातात तिकडे. 2008 मध्ये आयबीएमच्या स्टुअर्ट पार्किन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली रेसट्रॅक मेमरी, म्हणजे वायरमधल्या डोमेनमध्ये बिट साठवून ते करंटने सरकवणारी मेमरी, याच गोष्टीवर उभी आहे. करंट उलटा करून तोच रन पुन्हा घ्या. वॉल मागे आली नाही तर चिन्ह, नाहीतर टोकं तपासा. प्लॅटिनम-कोबाल्टचे थर सध्या बाजूला ठेवा, तिथे वॉल इलेक्ट्रॉनच्या विरुद्धही पळते आणि कारण वेगळं आहे.

मूमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते कुणाकडे आहे हे आधी विचारून ठेवा. गंगापूर रोडच्या खोलीवर रात्रभर रन लावणार असाल, तर दर अर्ध्या नॅनोसेकंदाला चुंबकनाची फाइल सेव्ह होऊ द्या. वीज गेली तरी शेवटच्या फाइलपासून पुढे चालवता येतं.