बोर्डावरचे घड्याळ वेळ विसरते तेव्हा : एम्बेडेड लिनक्समधील आरटीसी ड्रायव्हरचा दोष कसा शोधावा

वीज जाऊन आल्यावर बोर्ड पुन्हा सुरू होतो आणि लॉगमधल्या नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख दिसू लागते. अशा वेळी सर्वप्रथम संशय ड्रायव्हरवर घेतला जातो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुन्हा बांधायला घेतला जातो. ही घाई टाळावी. आरटीसी (रिअल टाइम क्लॉक) म्हणजे वेळ मोजत राहणारी घड्याळाची चिप, आणि तिचा ड्रायव्हर हा चिप आणि कर्नल यांच्यामधला निरोप्या असतो. चिप सापडतच नाही, सापडते पण वेळ सांगत नाही, की वेळ नीट सांगते पण ती कोणी विचारतच नाही, यांपैकी नेमके काय घडते आहे हे आधी ठरवावे, कारण या तिन्ही दोषांची लक्षणे वरून सारखीच दिसतात आणि उपाय मात्र पूर्णपणे वेगळे असतात.

तपासणीआधी नेटवर्कची केबल काढून ठेवावी. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा, चालू असेल तर सिस्टिमची वेळ आपोआप दुरुस्त होते आणि कर्नलच्या तशा मांडणीत दर ११ मिनिटांनी तीच वेळ आरटीसीतही लिहिली जाते. त्यामुळे दोष झाकला जातो आणि आपण केलेल्या उपायाने फरक पडला की नाही हेही कळत नाही.

आता 'आयटूसीडिटेक्ट' ही आज्ञा योग्य बसच्या क्रमांकासह चालवावी. आयटूसी बस म्हणजे चिपांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या दोन तारा, आणि ही आज्ञा त्यांवर कोणत्या पत्त्यावरून उत्तर येते याचा तक्ता दाखवते. डीएस१३०७, डीएस३२३१ आणि पीसीएफ८५२३ या चिपांचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये ६८ असतो, तर पीसीएफ८५६३ चा ५१. तक्त्यात त्या जागी 'यूयू' दिसले तर एखाद्या ड्रायव्हरने तो पत्ता ताब्यात घेतला आहे असे समजावे. नुसता ६८ हा आकडा दिसला तर कोणीतरी उत्तर देते आहे, पण ड्रायव्हर जोडलेला नाही. 'कोणीतरी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सरही मुळात याच पत्त्यावर बसतो आणि घड्याळ सापडले या आनंदात पुढचा सगळा वेळ वाया जाऊ शकतो.

त्या जागी काहीच दिसत नसेल तर मल्टिमीटर हातात घ्यावा. डेटा आणि क्लॉक या दोन्ही तारांवर पुल-अप रेझिस्टर (तारेला पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारे) आहेत का आणि चिपला पुरेसा व्होल्टेज मिळतो का, हे पाहावे. डीएस१३०७ बद्दल येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. ही चिप ५ व्होल्टसाठी बनवलेली असून, पुरवठा बॅटरीच्या व्होल्टेजच्या साधारण सव्वापटीखाली गेला की ती बाहेरचा संपर्क बंद करते. बॅटरी ३ व्होल्टची असेल तर ही मर्यादा ३.७५ व्होल्ट होते. म्हणजे ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ही चिप लावून बॅटरी बसवली की ती गप्प होते! बॅटरी काढली की ती बोलू लागते असे दिसले, तर ड्रायव्हरमध्ये शोधण्यासारखे काहीही नाही.

पत्ता दिसतो पण 'यूयू' होत नाही, हा खऱ्या अर्थाने ड्रायव्हरच्या जोडणीचा प्रश्न आहे. येथे डिव्हाइस ट्रीवर (बोर्डावर कोणती चिप कोठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनावर) विसंबून न राहता, सिसएफएसमधील (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरातील) त्या बसच्या 'न्यू_डिव्हाइस' फाइलमध्ये चिपचे नाव आणि पत्ता लिहून ड्रायव्हर हाताने जोडून पाहावा. असे केल्यावर 'आरटीसी०' हे घड्याळाचे उपकरण तयार झाले तर ड्रायव्हर ठीक आहे आणि चूक डिव्हाइस ट्रीमध्ये आहे: नोड चुकीच्या बसखाली लिहिलेला असतो, 'कम्पॅटिबल' या ओळीतील नाव चुकलेले असते किंवा बसचे 'स्टेटस' अजून 'डिसेबल्ड' असते. हाताने जोडूनही काही घडले नाही तर ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधलेला आहे का, किंवा त्याचे मॉड्यूल उपलब्ध आहे का, हे पाहावे. डीएस३२३१ साठी वेगळा ड्रायव्हर शोधत बसू नये. तिला डीएस१३०७ च्या नावाचाच ड्रायव्हर चालवतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत फसवा आहे. ड्रायव्हर जोडलेला असतो, आरटीसीतली वेळ वाचणारी-लिहिणारी 'एचडब्ल्यूक्लॉक' ही आज्ञा मात्र वेळ वाचताना 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असे उत्तर देते. नाव वाचून आज्ञेत चूक झाली असे वाटते, पण बहुतेक वेळा हा ड्रायव्हरचा प्रामाणिकपणा असतो. ऑसिलेटर (क्रिस्टलच्या आधारे घड्याळाचे ठोके देणारा भाग) मध्येच थांबला होता अशी खूण चिप स्वतःजवळ ठेवते: डीएस३२३१ मध्ये ती स्टेटस रजिस्टरच्या सर्वांत वरच्या बिटमध्ये असते, पीसीएफ८५६३ मध्ये सेकंदांच्या रजिस्टरच्या वरच्या बिटमध्ये. ती खूण दिसली की ड्रायव्हर खोटी वेळ देण्याऐवजी नकार देतो, आणि कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये बहुधा तशी ओळही सापडते. नव्या चिपच्या बाबतीत एकदा योग्य वेळ लिहिली की खूण पुसली जाते. पुढच्या वेळी वीज गेल्यावर तीच तक्रार परत आली तर बॅटरी, तिचा होल्डर किंवा क्रिस्टल पाहावा.

शंका राहिलीच तर सेकंदांचे रजिस्टर 'आयटूसीगेट' या आज्ञेने चिपमधून थेट वाचावे. माझ्यासमोरच्या एका बोर्डावर डीएस१३०७ चे शून्य क्रमांकाचे रजिस्टर पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचले, तेव्हा दोन्ही वेळा हेक्साडेसिमलमधील ८० हेच उत्तर आले. खालचे आकडे शून्यावर थिजलेले आणि वरचा बिट १, म्हणजे घड्याळ चालूच केलेले नव्हते. वेळ एकदा लिहिल्याबरोबर आकडे धावू लागले. हे आकडे बीसीडी पद्धतीचे (प्रत्येक दशांश अंक वेगळा साठवलेला) असल्यामुळे ०९ नंतर १० येते, हे वाचताना लक्षात ठेवावे.

चिपमधली वेळ बरोबर असूनही सिस्टिम चुकीच्या वेळेने सुरू होत असेल, तर बोर्डावर दोन आरटीसी आहेत का ते पाहावे. अनेक प्रोसेसरांमध्ये स्वतःचा आरटीसी असतो. त्याला बॅटरी जोडलेली नसली तरी तो आधी नोंदला जाऊन 'आरटीसी०' होतो, आणि बॅटरीवर चालणारी बाहेरची चिप 'आरटीसी१' होऊन बाजूला पडते. सिसएफएसमध्ये प्रत्येक आरटीसीच्या फोल्डरात 'नेम' आणि 'एचसीटूसिस' या फाइल असतात. ज्याच्या 'एचसीटूसिस'मध्ये १ आहे, त्याच्यावरून कर्नलने वेळ घेतली. डिव्हाइस ट्रीच्या 'एलियासेस'मध्ये बाहेरच्या चिपला 'आरटीसी०' हे नाव दिले की हा गोंधळ मिटतो. जुन्या कर्नलमध्ये ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून उशिरा चढत असेल तर वेळ घेण्याचा क्षण आधीच निघून गेलेला असतो. तेथे तो कर्नलमध्येच बांधावा.

फरक नेमका टाइम झोनइतकाच असेल तर 'एचडब्ल्यूक्लॉक' वापरत असलेल्या 'एडीजेटाइम' फाइलची तिसरी ओळ वाचावी. तेथे 'यूटीसी' हवे असताना 'लोकल' असते.

वेळ हळूहळू सरकत असेल तर तो क्रिस्टलचा विषय आहे. ३२,७६८ हर्ट्झच्या साध्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमचा (दशलक्षात २० भागांचा) फरक म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद. फरक याहून बराच मोठा असेल तर क्रिस्टलची लोड कपॅसिटन्स (ज्या कपॅसिटन्सवर तो ठरलेल्या वारंवारतेने चालतो ती) चिपशी जुळत नसावी. पीसीएफ८५२३ मध्ये ती ७ किंवा १२.५ पिकोफॅरड अशी निवडता येते आणि ही निवड डिव्हाइस ट्रीतून ड्रायव्हरला सांगावी लागते. १२.५ चा क्रिस्टल ७ वर चालवला तर घड्याळ पुढे धावते, उलट केले तर मागे पडते.

दुरुस्तीची परीक्षा केबल काढलेल्या अवस्थेतच घ्यावी: वेळ लिहावी, वीज पूर्ण बंद करून बोर्ड रात्रभर ठेवावा, आणि सकाळी सुरू झाल्यावर पहिली आज्ञा 'एचडब्ल्यूक्लॉक'चीच द्यावी.