ओढा बुजवला, डोंगर फोडला : पुणे जिल्ह्यातील गावकऱ्यांनी दाद कशी मागावी

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात आणि पुणे शहराची तहान मुख्यतः त्यांच्यावरच भागते. हे पाणी ज्या उतारांवरून धरणांत उतरते, ते मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि हवेली तालुक्यांतले डोंगरउतार आज गुंठ्यांच्या हिशेबाने विकले जात आहेत. प्लॉटिंगसाठी पोकलेन लावून उतार सपाट केला, निघालेला मुरूम शेजारच्या ओढ्यात लोटला आणि वर रस्ता केला, की पहिल्या मोठ्या पावसात पाणी स्वतःची वाट शोधते. कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडी येथे 6 जून 2013 रोजी, फोडलेल्या डोंगराच्या आणि अडवलेल्या ओढ्याच्या पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि त्यात मायलेकींचा जीव गेला. हे रोखण्यासाठी लागणाऱ्या तरतुदी कायद्यात आहेत, परंतु त्या निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेल्या आहेत आणि कागद हातात नसताना केलेली तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी कागद गोळा करावेत.

सर्वांत आधी ओढा कागदावर सिद्ध करावा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाच्या गट नकाशाची प्रमाणित प्रत घ्यावी. महाभूनकाशा संकेतस्थळावर दिसणारा नकाशा प्राथमिक पाहणीला पुरतो, पण अर्जाला प्रमाणित प्रतच जोडावी. नकाशावर ओढा कोणत्या गटांच्या मधून किंवा कोणत्या गटाच्या आतून जातो हे पाहून त्या सर्व गटांचे सातबारा उतारे काढावेत. उताऱ्यावरची पोटखराब क्षेत्राची नोंद बहुतेक जण वाचतही नाहीत, आणि तीच येथे सर्वांत मोलाची आहे. पोटखराब वर्ग ‘अ’ म्हणजे शेतीस अयोग्य जमीन, तर वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ते, पाण्याचे प्रवाह यांसारख्या सार्वजनिक कारणांसाठी राखलेले आणि म्हणून आकारणीतून वगळलेले क्षेत्र. बुजवलेल्या ओढ्याच्या गटावर वर्ग ‘ब’ची नोंद असेल, तर ‘येथे ओढा कधी नव्हताच’ हा विकसकाचा युक्तिवाद तिथेच लंगडा पडतो. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार नद्या, ओढे, नाले हे दुसऱ्या कोणाच्या मालकीचे असल्याचे सिद्ध होत नाही तोवर शासनाच्या मालकीचे मानले जातात. दोन्ही काठांची जमीन खरेदी केली म्हणून मधला प्रवाह आपोआप विकत मिळत नाही.

दुसरा कागद म्हणजे झोन दाखला, म्हणजे जमीन योजनेतल्या कोणत्या विभागात येते याचा दाखला, आणि त्या योजनेचा भाग नकाशा. मुळशी आणि मावळ तालुके, तसेच भोर, राजगड, पुरंदर, खेड अशा तालुक्यांतील ठरावीक गावे यांसाठी तो पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) मागावा. प्राधिकरणाच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी नगररचना विभागाकडे जावे. 1997 साली मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेत शेती, वन, डोंगरमाथा-डोंगरउतार असे विभाग दाखवलेले आहेत. नदीकाठचे गाव असेल तर जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषाही पाहाव्यात. निळी रेषा ही साधारणतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित असतो.

डोंगरउताराच्या बाबतीत 1:5 हे प्रमाण ध्यानात ठेवावे, कारण त्याहून तीव्र उतारावर बांधकाम आणि खोदाई नियमांना धरून नाही. हे प्रमाण घरच्या साधनांनीही अजमावता येते. पाच मीटर लांबीची दोरी घेऊन तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवावे, दोरी उताराच्या दिशेने ताणून धरावी, तिची समपातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपने तपासावी आणि दुसऱ्या टोकापासून ओळंबा सोडावा. ओळंब्याखालची उंची एक मीटरपेक्षा जास्त भरली, तर उतार 1:5 हून तीव्र आहे. डोंगर आधीच कापला गेला असेल, तर लगतच्या न कापलेल्या भागावर हे मोजमाप घ्यावे. अधिकृत मोजणीची जागा या मापाला घेता येणार नाही, परंतु मोजणीची मागणी करायला ते भक्कम कारण देते.

छायाचित्रे काढताना फोनमधील स्थाननोंद आणि तारीख चालू ठेवावी. एकाच ठरलेल्या जागेवरून, शक्यतो समोरच्या टेकाडावरून, काम सुरू असताना आणि पाऊस पडल्यानंतर अशी दोन्ही वेळची छायाचित्रे घ्यावीत. गूगल अर्थवर त्याच जागेच्या जुन्या उपग्रह प्रतिमा पाहता येतात. त्यांतील ओढ्याची हिरवी रेघ आणि आजचा मुरमाचा ढीग शेजारी शेजारी ठेवले, की पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्यालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खासगी हद्दीत शिरून किंवा यंत्रचालकांशी वाद घालून छायाचित्रे काढू नयेत.

आता अर्ज कोणाकडे करावा हे पाहू. माती-मुरमाचे उत्खनन आणि वाहतूक हा तहसीलदारांचा विषय आहे. परवान्याविना उत्खनन झाल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) अन्वये दंड करता येतो आणि 48(8) अन्वये वाहने जप्त करता येतात. काम चालू असताना ही सर्वांत वेगाने होऊ शकणारी कारवाई आहे, त्यामुळे माझ्या मते पहिला अर्ज याच कलमाखाली करावा. विनापरवाना बांधकाम, रस्ते आणि भूखंड पाडणे यांसाठी पीएमआरडीएकडे, आणि हद्दीबाहेर असल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली नोटीस काढण्याची मागणी करावी. झाडे तोडली असतील तर वनविभागाला स्वतंत्र अर्ज द्यावा. अकृषिक परवानगीच्या तरतुदी गेल्या काही वर्षांत बऱ्याच शिथिल झाल्या आहेत आणि विक्रेते तेवढेच पुढे करतात. परंतु विकास परवानगीची गरज त्यामुळे संपत नाही. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजेही ती परवानगी नव्हे.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात गाव, गट क्रमांक, काम प्रथम दिसल्याची तारीख, घडलेली गोष्ट आणि नेमकी मागणी एवढेच लिहावे. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे’ या वाक्यावर कोणताही अधिकारी आदेश काढू शकत नाही. ‘गट क्रमांक अमुकमधील ओढ्यात सुमारे इतक्या लांबीचा भराव टाकला आहे, स्थळपाहणी करून पंचनामा करावा आणि काम थांबवावे’ या वाक्यावर काढू शकतो. जमीन विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि हरकत विक्रीला नाही, भरावाला आहे. हा फरक अर्जात आणि गावातही स्पष्ट ठेवला, तर विकणाऱ्या भावकीशी वैर येत नाही. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. ग्रामसभेचा ठराव अधिकाऱ्यांवर बंधनकारक नसला, तरी एकट्याची तक्रार गावाची तक्रार होते, म्हणून ओढ्याच्या मोजणीचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आधीच लेखी मागून घ्यावा.

उत्तर आले नाही तर 10 रुपये शुल्काचा माहिती अधिकार अर्ज करून तीन गोष्टी मागाव्यात: उत्खनन परवाना, भूखंडांचे मंजूर रेखांकन (लेआउट) आणि आपल्या तक्रारीवरील टिपणी. माहिती 30 दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. त्या न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम 14 खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवल्यास त्यात 60 दिवसांपर्यंत सूट मिळू शकते. स्थानिक कार्यालयांच्या उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाते, म्हणून काम प्रथम दिसल्याच्या तारखेपासूनच दिवस मोजायला लागावे.

काम थांबवण्याचा आदेश निघाला, तरी ओढ्यातला भराव तसाच राहिला तर पावसाळ्यातला धोका कायम राहतो. म्हणून जमीन पूर्ववत करण्याची मागणी पहिल्याच अर्जात करावी, आणि गट नकाशावरून निघणारी ओढ्याची रुंदी पंचनाम्यात आकड्यांनी लिहून घ्यावी. अन्यथा पूर्ववत म्हणून दोन नळ्या टाकून त्यावर पुन्हा मुरूम पसरला जातो आणि कागदोपत्री ओढा मोकळा दिसतो.