कोरांटी लावताय? आधी पाण्याला वाट काढा

मृगाचा दमदार पाऊस झाला की बांधावर, उतारावर, कुंपणाच्या कडेला पिवळी कोरांटी लावायची घाई सुरू होते. लावा, पण आधी पाणी कुठे तुंबतं ते बघा. कोरांटी हलक्या, मुरमाड जमिनीत, भर उन्हात सुखाने वाढते. एकदा मुळावली की पाण्याचा ताण सहज सोसते. रोपं जातात ती भर पावसाळ्यात, बुंध्याशी पाणी साचून.

काळ्या जमिनीत हे हमखास घडतं. दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात शेणखत आणि भुसभुशीत माती भरली की त्याचा हौद होतो. भोवतीची चिकण माती पाणी जिरू देत नाही, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते. भारी जमिनीत खोल खड्डा नकोच. फूटभर उंच, दोन फूट रुंद वरंबा ओढा, मातीत तिसरा हिस्सा मुरूम मिसळा. पिशवीतली माती वरंब्यापेक्षा बोटभर वर राहू द्या, बुंध्याला भर घालू नका. खालच्या टोकाला चर काढा. चर नसेल तर वरंब्यामागेच तळं होतं.

शंका असेल तर फूटभर खड्ड्यात पाणी भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसलं तर तिथे सपाट लागवड नको. लव्हाळा (ओल धरणाऱ्या जागी माजणारं तण) दाट माजलेली जागाही टाळावी. हा आपला शेतातला अंदाज, पण सहसा चुकत नाही.

खरा घोटाळा पुढे होतो. मुळं कुजलेलं रोप माना टाकतं, तहानलेलंही तसंच दिसतं. मग लोक पाणी देतात आणि उरलंसुरलं मूळही जातं. आधी तीन बोटं माती उकरा. ती ओली असेल आणि खालची पानं पिवळी पडत असतील, तर एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल सुटून आत नुसता दोरा राहिला, की समजा मूळकूज.

अशा वेळी दुकानदार ह्युमिक आणि मुळं वाढवणारं टॉनिक पुढे करतो. पैसे वाचवा. तुंबलेल्या जमिनीत त्याचा काडीचा उपयोग नाही. पाणी काढून द्या, वाफसा (चिखल आटून माती नुसती ओलसर राहणं) येऊ द्या, मगच कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक (५० टक्के) १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घेऊन बुंध्याशी आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. आधी आळवणी केली तर ओल आणखी वाढते. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) द्यायचा असेल तर त्यानंतर १५ दिवसांनी, शेणखतातून. दोन्ही एकत्र दिलं तर तांबं ट्रायकोडर्मालाच मारतं.

बाकीची कामं:
- छाट (रोप करायला लावायचा फांदीचा तुकडा): अर्धवट जून फांदी, १५ सेंमी, ३-४ डोळे, खालची पानं काढून
- छाटासाठी माध्यम: दोन भाग वाळू, एक भाग माती
- अंतर: २ × २ फूट, उतारावर आडव्या ओळी, वरच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध खालच्या ओळीतलं रोप
- शेंडा खुडणे: रोप वीतभर झाल्यावर
- छाटणी: बहर संपल्यावर, जमिनीपासून वीतभर राखून
- बी: बोंडं तपकिरी होताच काढून कापडाखाली वाळवणे, नाहीतर तडकून उडतं
- खत: लागवडीला ओंजळभर कुजलेलं शेणखत, युरिया नाही

संततधारेचा अंदाज असेल तर लागवड आठवडाभर पुढे ढकला. रोपं पिशवीत, विटांवर ठेवा आणि तेवढ्यात चर पुरे करून घ्या.